विंगेतून

दिवसा मी शिवाजीनगरच्या विमा कार्यालयात
मृत्यूदावे तपासते.
फॉर्मात एक रकाना असतो, मृत्यूचं कारण.
खाली बारीक छापलेलं: एकाच चौकटीत खूण करा.

संध्याकाळी टिळक रस्त्यावर, नाट्यगृहात,
डाव्या विंगेतल्या पत्र्याच्या स्टुलावर
मांडीवर वही, हातात बोटाएवढी बॅटरी.
मी प्रॉम्प्टर. परवाचा पंचविसावा प्रयोग.

नाटक असं, की दोन घरं, मधून नदी,
आणि वैर कशावरून ते कुणालाच आठवत नाही.
ती सांगते, मी असेन तोवर खिडकीत दिवा असेल.
तिसऱ्या अंकात दिवा विझतो.
तो दिव्याकडे बघतो, नदीकडे बघतो,
खिशातून कुपी काढतो.
(कोकम सरबत. बिनसाखरेचं, ओजसला मधुमेह आहे.)

दिवा विझवते ती नियती.
आमच्याकडे नियती म्हणजे एक टेबलफॅन,
उजव्या विंगेत, दोन नंबरवर,
इक्बाल शिकलगारच्या ताब्यात.
एकदा फॅन बिघडला तेव्हा त्यानं तोंडानंच फुंकर मारली.
प्रेक्षकांना फरक कळला नाही.

प्रयोगानंतर चहाच्या गाडीवर रोज तोच खटला.
खांबेटे सर म्हणतात, घाई नडली त्याला,
पोहता येत होतं ना, जाऊन बघायचं होतं एकदा.
बापाचं काम करणारे सहस्रबुद्धे कपात खारी बुडवतात,
अहो, खिडकीचं दार दुसऱ्या अंकात मीच काढून नेलं,
नाहीतर वारा आत शिरला असता कसा?
इक्बाल म्हणतो, मी फक्त बटण दाबतो, ताई.
शर्वाणी केसांतल्या पिना काढत गप्प.
एकदाच म्हणाली,
दिवा विझतो तेव्हा मी आत तेल आणायला गेलेली असते.
हे नाटकात नाही.
पण मी रोज जाते.

मला कुणी विचारत नाही.
प्रॉम्प्टरला मत नसतं,
आवाजसुद्धा अर्धाच असतो.

परवा ओजस वाक्य विसरला.
दिवा विझलेला, कुपी हातात, आणि पुढे काहीच नाही.
त्यानं विंगेकडे पाहिलं,
तोंडी परीक्षेत अडकलेल्या मुलासारखं.
वाक्य माझ्या बोटाखाली होतं. सात शब्द.

तो जिवंत होता.
एक. दोन. तीन.
दोघांनी टोकांना धरलेली निळी साडी, म्हणजे नदी,
हलत राहिली.
पलीकडे अंधारात शर्वाणी, हातात
कुणालाच न दिसणारी तेलाची बुधली.
मी गप्पच बसले तर?
कदाचित त्याला आठवेल की पोहता येतं.
कदाचित उशीर एवढ्यानंच टळत असेल,
कुणीतरी थोडा वेळ तोंड न उघडल्यानं.
चौथ्या रांगेत कुणी गोळीचा कागद उलगडला.
सात. आठ.
घामाचा थेंब त्याच्या मिशीच्या गोंदाशी येऊन थांबला.

मी कुजबुजले.

एवढा आभारी चेहरा मी कुणाचा पाहिलेला नाही.
माझे सात शब्द त्यानं आपले म्हणून उच्चारले,
कुपी एका घोटात रिकामी केली
आणि सुंदर पडला.

टाळ्या. पडदा.
मिशी काढत, धापा टाकत तो थेट माझ्यापाशी आला,
ताई, आज वाचवलंत मला.

सोमवारी टेबलावर पहिलाच दावा, वय सव्वीस.
खूण 'अपघाती'वर. कागदपत्रं पूर्ण.
फॉर्मच्या पाठीवर, जिथे लिहायची जागाच नाही,
निळ्या पेननं एक ओळ होती:
तिचा फोन मी उचलला नव्हता.
नियमानं हे ग्राह्य धरता येत नाही.
मी शिक्का मारला.
मग कागद उलटा करून ती ओळ
पुन्हा वाचली,
ओठ कागदाजवळ नेऊन, अर्ध्या आवाजात.